संगणक-प्रणालीचे स्थपती

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजींचे नाव कोरलेले आहे. असंख्य हात राबले, तरी आराखड्याला एक धनी होता, याची ती साक्ष होय. संगणकाच्या प्रणालीलाही असा धनी लागतो, हे मात्र जगाला उशिरा आणि बरीच किंमत मोजून उमगले. तो इतिहास येथे संक्षेपाने सांगण्याचा आमचा मानस आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. उणिवांबद्दल जाणकारांनी क्षमा करावी.

१९६० च्या सुमारास अमेरिकेतील आयबीएम कंपनीची निरनिराळी यंत्रे एकमेकांची भाषा जाणत नव्हती. लहान यंत्र सोडून मोठे घेतले की आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागत. ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ मालिकेतील सहा यंत्रे जाहीर केली. शक्ती वेगवेगळी, पण आज्ञासंच एकच. त्याच वर्षी जीन ॲमडाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ‘आर्किटेक्चर’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला. आज्ञावली लिहिणाऱ्याला यंत्र जसे दिसते, ते त्याचे स्थापत्य. आतील जुळणी हा निराळा विषय. घराचा नकाशा आणि गवंडीकाम यांतील भेदच तो.

यंत्रांबाबत साधलेले हे शहाणपण त्यांवर चालणाऱ्या ‘ओएस/३६०’ प्रणालीच्या वेळी निसटले. ब्रुक्स या कामाचे प्रमुख होते. आराखड्यासाठी दहा स्थापत्यकारांच्या गटाने दहा महिने मागितले; मुदत सातच महिन्यांची होती. दुसऱ्या गटाच्या प्रमुखाने आपल्या दीडशे माणसांकरवी तो वेळेत करण्याची तयारी दाखविली. एरवी ती माणसे रिकामी बसली असती. ब्रुक्स यांनी काम त्यांच्या हाती दिले. तेही तीन महिने लांबलेच. शिवाय आराखड्यात एकसूत्रता राहिली नाही. त्यामुळे दोष काढण्यात वर्षभर अधिक गेले असावे, असा अंदाज ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात नोंदविला आणि चूक आपल्या पदरात घेतली.

या व्यवसायाचे फळ आपण प्रवासी मंडळींनी चाखले आहे. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले. पण पाच प्रादेशिक केंद्रे एकमेकांस जोडली गेली ती एप्रिल १९९९ मध्ये. तोवर गावी जाण्याचे तिकीट हाती असले, तरी परतीची चिंता सुटत नसे.

आता स्वतःची कबुली. एका कार्यालयात नवी प्रणाली घेताना आम्ही सहा शाखांची सहा मागणीपत्रे मागविली आणि जशीच्या तशी टाचून पुढे पाठविली. सर्वांचे समाधान झाले. पुढे एका विधवा बाईंचे निवृत्तिवेतन चार महिने अडले. कारण एकाच नावाची नोंद तीन शाखांत तीन प्रकारे होत होती. आज्ञावली लिहिणाऱ्या मुलांनी सांगितले तेच केले होते. संपूर्ण आराखडा एकदा तरी एका नजरेखालून जावा, याची तजवीज आम्ही केली नव्हती.

आपल्या मंडळातील कित्येक घरांतली मुले आज या व्यवसायात आहेत. त्यांची नावे कोणत्याही पायरीवर कोरली जाणार नाहीत. पण एखाद्या बाईंचे वेतन पहिल्या तारखेस विनासायास हाती पडेल, तेव्हा त्यामागे त्यांच्यापैकीच कोणीतरी वेळीच घेतलेला निर्णय असेल.