वाहनतळ, रस्त्यावरील (पुणे)

वाहनतळ, रस्त्यावरील (पुणे) : वाहने उभी करण्यासाठी रस्त्याच्या कडेस राखलेली जागा. नाणे टाकल्यावर ठराविक वेळ मोजणारे पहिले पार्किंग मीटर १९३५ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे बसविण्यात आले. जागा लवकर मोकळी व्हावी, हा त्याचा हेतू. पुण्याच्या जुन्या पेठांतील अरुंद रस्त्यांवर मात्र तारखेचा उपाय रूढ झाला : सम तारखेस एक बाजू, विषम तारखेस दुसरी. त्यामुळे रहदारीस वाट मिळते. परंतु दुकानासमोर दिवसभर उभे असलेले वाहन हलत नाही. महानगरपालिकेने २०१८ मध्ये सशुल्क वाहनतळाचे धोरण मंजूर केले. तथापि विरोधामुळे ते आरंभी पाच रस्त्यांपुरते मर्यादित करण्यात आले व अंमलबजावणीही रखडली. सार्वजनिक रस्ता कोणी, किती वेळ अडवावा, हा मूळ प्रश्न अनिर्णित राहिला.