टंचाईतून भक्ती उपजत नाही

जुन्या गाड्यांच्या भक्तांविषयी शहाण्या माणसांनी एक निदान कधीचंच करून ठेवलेलं आहे. ते थोडक्यात असं : १९९१ पर्यंत या देशात लायसन्स-परमिटचं राज्य होतं. कारखानदाराला स्पर्धा नव्हती, गिऱ्हाइकाला निवड नव्हती. मोटारी दोन-तीन, दुचाक्या चार-पाच, आणि त्याही परदेशात जुनाट ठरलेल्या साच्यांवर काढलेल्या. पैसे भरून वर्षानुवर्षं थांबल्यावर जी गाडी दारात आली ती पदरी पडली आणि पवित्र झाली. आज येझदी, आरएक्स हंड्रेड, बुलेट किंवा पद्मिनीभोवती जो गोतावळा दिसतो, तो या पवित्र झालेल्या मजबुरीचा. वर स्मरणरंजनाचा मुलामा, आणि अलीकडे थोडा पैसेवाल्यांचा शौक. एवढं सांगितलं की विषय मिटला, असं ही मंडळी समजतात.

पूर्वपक्ष टाकाऊ नाही. त्यातले तपशील बहुतेक खरे आहेत. आकुर्डीच्या बजाज चेतकसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबलेले आहेत; नंबर लागल्यावर तो वाढीव किमतीला विकून मोकळे होणारेही होते. ॲम्बेसेडर ही मुळात १९५०च्या दशकातली मॉरिस ऑक्सफर्ड, आणि ती कलकत्त्याजवळच्या उत्तरपाऱ्यात थेट २०१४ पर्यंत निघत राहिली. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. राजदूत १७५चं मूळ पोलंडात. हे सगळं कबूल. माझा आक्षेप त्यापुढच्या उडीवर आहे. टंचाई होती म्हणून भक्ती झाली, हे कुणी आणि कशावरून ठरवलं?

टंचाई हे कारण असेल, तर टंचाईत जन्मलेल्या प्रत्येक गाडीला भक्त हवेत. मग मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची स्टँडर्ड २००० आठवून पाहा. १९८५च्या सुमारास आलेली, अंगाने विलायती रोव्हर, मंत्र्या-उद्योगपतींना शोभेल अशी. आत मात्र जुनं इंजिन. तीन-चार वर्षांत बाजारातून गेली. बंगळूरची सिपानी डॉल्फिन, फायबरच्या अंगाची, दोन दारांची, तीही त्याच राजवटीतली. तिचं नाव आज विशीतल्या किती पोरांनी ऐकलं असेल? चेतकचं उदाहरण तर आणखी बोलकं. जिच्यासाठी रांगा सर्वांत लांब, तिच्याबद्दल माया घराघरांत आहे. सकाळी चालू होईना म्हणून बापाने ती एका अंगावर तिरकी केलेली ज्याने पाहिली नाही असा पन्नाशीतला मराठी माणूस विरळा. पण तिचं इंजिन मांडीवर घेऊन बसणारे माझ्या पाहण्यात येझदीवाल्यांपेक्षा थोडेच आहेत. सिद्धान्त खरा असता तर हे प्रमाण नेमकं उलट निघालं असतं.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत भारतीय गिऱ्हाइकापुढे एकदम चार जपानी घराण्यांच्या शंभर सीसीच्या गाड्या उभ्या राहिल्या : इंड-सुझुकी एएक्स १००, हीरो होंडा सीडी १००, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज केबी १००. म्हणजे आरएक्स जन्मली तीच निवडीच्या काळात. परवान्याच्या राजवटीचं पोर म्हणून तिला नाकारायचं तर तिच्या तिन्ही भावंडांनाही नाकारावं लागेल, आणि मग चौघांतून एकीचीच पूजा का, हा प्रश्न उरतोच. त्यातही गंमत अशी, की व्यवहाराच्या कसोटीवर जिंकली ती सीडी १००. चार-स्ट्रोक, ॲव्हरेज उत्तम, धूर नाही, कटकट नाही. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिची जाहिरात सांगत असे. लोकांनी ते अक्षरशः पाळलं. ॲव्हरेजमध्ये तिच्यामागे राहणारी, ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती काढणारी टू-स्ट्रोक आरएक्स मात्र १९९६ साली बंद होऊनही कुणी विसरायला तयार नाही.

राजदूत ३५० घ्या. यामाहाच्या आरडी ३५०चा हा भारतीय अवतार १९८३ साली आला. पुढची डिस्क काढून ड्रम ब्रेक बसवलेला, पेट्रोल पिणारा, महाग. गिऱ्हाइकाने त्याला चक्क नाकारलं आणि दशक संपतासंपता त्याचं उत्पादन गुंडाळलं गेलं. आज जुन्या भारतीय दुचाकींत सर्वांत हव्याशा वाटणाऱ्या गाड्यांत ती मोडते. जी गाडी लोकांनी घेतलीच नाही, तिच्या आठवणी कुणाकडे असणार? स्मरणरंजनाला निदान स्मरण तरी लागतं.

बुलेटची साक्ष याहून वजनदार आहे. इंग्लंडमधल्या रेडिचचा रॉयल एनफिल्डचा कारखाना १९६७ साली बंद झाला, तीन वर्षांत मूळ कंपनीही संपली. मद्रासला मात्र तीच बुलेट निघत राहिली, आणि १९७७ पासून ती इंग्लंडला निर्यात होऊ लागली. इंग्रजांकडे लायसन्स-परमिट राज नव्हतं. होंडा, कावासाकी, बीएमडब्ल्यू हव्या त्या रंगात दुकानात उभ्या होत्या. तरी त्यातल्या काहींनी तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात ओतलेलं लोखंडी इंजिन पैसे मोजून घेतलं. टंचाईच्या सिद्धान्तवाल्यांकडून या एका गोष्टीचा खुलासा ऐकायला मला आवडेल.

शेवटचा पुरावा अलीकडचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सने येझदीची पूर्वज जावा पुन्हा बाजारात आणली : तीच थेंबासारखी टाकी, तेच नाव, आत २९३ सीसीचं पाण्याने थंड होणारं चार-स्ट्रोक इंजिन. भक्ती केवळ नावाची आणि आठवणींची असती, तर म्हैसूरच्या जुन्या जावा त्या दिवशीच भंगारात गेल्या असत्या. तसं झालेलं नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा दिनाला, गावोगावी आजही निळा धूर सोडत जमतात त्या जुन्याच.

आता एक घाव आपल्याच पक्षावर. भक्तांचं आवडतं उत्तर असतं, की तेव्हाचा पत्रा जाड होता, गाड्या दणकट होत्या, आजच्या म्हणजे डबडी. हे उत्तर शत्रूला फुकट दारूगोळा पुरवतं. धडकेत पत्रा चेपला नाही तर धक्का जातो कुठे? आतल्या माणसाच्या छातीत. आजच्या गाडीचं तोंड चुरगळतं ते चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं. ॲम्बेसेडरचा पत्रा जाड होता हे खरं आणि पावसाळ्यात तो गंजत होता हेही खरं. टू-स्ट्रोकची गोष्ट तर विचारू नका : पेट्रोलबरोबर ऑइल जळतं आणि न जळलेलं मिश्रण सायलेन्सरवाटे सरळ बाहेर जातं. प्रदूषणाच्या नियमांनी ही इंजिनं संपवली त्यात कुणाचा कट नव्हता. गुणवत्तेच्या मुद्द्यावर जुन्या गाडीची बाजू लढवायला जाणारा हरणार, आणि हरायलाच हवा.

मग भक्ती कशाची? माझं म्हणणं असं, की ती उघडता येणाऱ्या यंत्राची आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून १९९६ पर्यंत जी २५० सीसीची इंजिनं काढली, त्यांत नाव जावाचं येझदी झालं, रोडकिंग आली, पण पोटातली रचना ओळखीचीच राहिली. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. हलणारे मुख्य भाग तीन, पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. पस्तीस वर्षं एकच इंजिन राहिल्यामुळे त्याची विद्या कारखान्याच्या हातून सुटून रस्त्यावर आली. पार्ट कंपनीचेच हवेत असं राहिलं नाही. पुण्यात नाना पेठेतून किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून वस्तू मिळू लागल्या. सिलिंडर घासला तर तो लेथवर पाव-पाव मिलिमीटरने वाढवून पुढच्या मापाचा पिस्टन टाकायचा, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात सवयीचं काम झालं. कारखाना मेला तरी गाडी मेली नाही ती यामुळे.

हे काम जवळून बघायला हवं. येझदी मिसफायर करायला लागली की मेकॅनिक आधी बाजूचं झाकण काढतो. आत पॉइंट असतात, उघडझाप करणारे दोन इवले धातूचे ठिपके. त्यांच्यामधली फट साधारण ०.४ मिलिमीटरच्या पत्तीने जुळवायची. मग प्लग काढून त्या भोकातून पिस्टन कुठवर आलाय ते बघत क्रँक हळूहळू फिरवायचा. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या काही मिलिमीटर आधी, नेमक्या त्या जागी पॉइंट उघडले पाहिजेत. उघडले हे कळणार कसं? अनुभवी मेकॅनिक पॉइंटांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरतो आणि किंचित ओढून ठेवतो. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही. आणि शेजारी बसलेला मालक हे तीन-चारदा बघून स्वतः करू लागतो. परत झाकण लावून गिअरचा दांडा आत दाबायचा, मागे फिरवायचा, की त्याचीच किक होते. पायाखाली इंजिन फुटफुटलं, की आपण हे केलं अशी खात्री माणसाला आतून मिळते. सीडी १००ने मालकाकडून काही मागितलंच नाही. येझदी रोज काहीतरी मागते, पण जे मागते ते देता येण्यासारखं असतं. मागणारी पण न उघडणारी गाडी भक्त मिळवत नाही, शिव्या मिळवते. स्टँडर्ड २०००चं काय झालं, ते यातून उलगडतं : खोड्या होत्या, पण पार्ट नव्हते, आणि तिचं गूढ माहीत असलेले हात तयार होण्याआधीच ती संपली.

कुणी म्हणेल, कॉन्टेसाला भक्त आहेत, त्याचं काय? ती तर स्टँडर्डसारखीच मोठ्या अंगाची विलायती उसनवारी. प्रश्न रास्त आहे. पण कॉन्टेसा पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात ॲम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, आणि नंतर आलेलं इसुझुचं इंजिन ॲम्बेसेडरमध्येही बसलं. अंग परकं असलं तरी पोट गल्लीतल्या मेकॅनिकच्या ओळखीचं. राजदूत ३५०लाही जगभरच्या आरडीवाल्यांचा आणि त्यांच्या पार्टांचा आधार आहे.

पद्मिनीच्या बाबतीत एक गोष्ट माझ्याविरुद्ध जाते, ती सांगून टाकतो. मुंबईचे टॅक्सीवाले तिला शेवटपर्यंत चिकटून राहिले नाहीत. सँट्रो, वॅगनआर मिळाल्यावर बहुतेकांनी खुशीने बदलल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली, तेव्हा ती आपल्या जातीची एकटीच उरली होती. धंदा करणारा माणूस किलोमीटरचा हिशोब बघतो, आणि त्याने तो बघावा. पण यावरून उरलेल्या पद्मिन्या जपणारे भ्रमात आहेत असं सिद्ध होत नाही. ते धंदा करतच नाहीयेत.

हा वाद मला केवळ चर्चेसाठी घालायचा नाही, कारण चुकीच्या निदानावर कायदा उभा राहतोय. २०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, पण त्या चालवायच्या प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी किंवा पेट्रोल आणि दुरुस्तीपुरत्या. जुनी गाडी म्हणजे आठवणींची शोभेची वस्तू, ही समजूत या नियमांत शब्दाशब्दाला दिसते. पहिल्या आरएक्स १००ला त्यात शिरायला २०३५ उजाडेल. तोवर खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहे, आणि दिल्लीत तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या वयावरूनच बाद ठरवल्या गेल्या. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या कार्बोरेटरमधलं रबर ते खातं. त्यावरचा उपायही गल्लीतला मेकॅनिकच शोधतोय, सरकार नाही.

जुन्या वाहनांच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिवा, तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानतो. आपणही तीसचीच मर्यादा घ्यावी, वर्षाला ठरावीक किलोमीटर साधेपणाने चालवण्याची मुभा द्यावी आणि धुराची तपासणी त्या काळच्या मापाने पण कडक ठेवावी. शहरात रोज ऑफिसला टू-स्ट्रोक नेणाऱ्याची मी वकिली करत नाही. पण न चालणाऱ्या गाडीकडून पुढच्या पिढीला काही शिकता येत नाही, आणि पॉइंटमध्ये कागद धरणारे हात आता साठीच्या पुढे आहेत.

वाचकांपैकी कुणाच्या शेडमध्ये अशी गाडी पडून असेल, तर एवढंच करा : आरसी बुकावरची मुदत आजच बघा. संपली असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आरटीओत नूतनीकरणाचा अर्ज टाका.