स्कॉटचे नेचे

अमेरिकेच्या पूर्व भागात चुनखडीच्या खडकांवर क्वचित आढळणारे नेचे. शास्त्रीय नाव अ‍ॅस्प्लेनियम एबेनॉइडिस. १८६०च्या दशकात आर. आर. स्कॉट यांनी फिलाडेल्फियाजवळील नमुन्यावरून ते स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदले. परंतु त्याचे रूपच शंकास्पद होते. एका जनकाची पाने पिसासारखी विभागलेली, देठ काळसर चकचकीत. दुसरे ‘चालणारे नेचे’: त्याच्या अखंड, निमुळत्या पानाचे टोक जमिनीला टेकले की तेथे नवे रोप रुजते. या नेच्यात देठ पहिल्याचा, लांब शेपटी दुसऱ्याची. पानांच्या कडा मात्र वेड्यावाकड्या. १९०२ मध्ये मार्गारेट स्लॉसन यांनी दोन्ही जनकांचा संकर घडवून हेच नेचे वाढवले आणि वाद मिटला.

हा संकर सहसा वंध्य असतो. प्रत्येक जनकाकडून आलेल्या ३६ गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाहीत, त्यामुळे बीजाणू निकामी होतात. अपवाद अलाबामातील हवाना ग्लेन या घळीचा. तेथे गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे १४४ झाली. प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि बीजाणू रुजू लागले. १८७३ मध्ये ही वनस्पती शोधणाऱ्या ज्यूलिया टटवाइलर यांच्यावरून २००७ मध्ये तिला अ‍ॅस्प्लेनियम टटवाइलरी असे प्रजातीनाम मिळाले.