बसच्या गादीवरची नक्षी

लंडनच्या लाल दुमजली बसचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते, पण तिच्यातल्या गादीकडे फारसे कोणी पाहत नाही. तिच्या कापडाला मोकेट म्हणतात. हे मुख्यतः लोकरीचे कापड मखमलीच्या जातीचे आहे. उभ्या-आडव्या धाग्यांच्या घट्ट पायावर धाग्यांचे फासे उभे केलेले असतात. फासे कापले की दाट लव तयार होते. प्रवाशाचा भार या लवेवर पडतो आणि खालची वीण झिजण्यापासून वाचते. लोकरीचा तंतू कुरळा व लवचिक असल्याने दबूनही पुन्हा उभा राहतो.

१९३७ च्या सुमारास लंडनच्या वाहतूक मंडळाचे फ्रँक पिक यांनी एनिड मार्क्स, मॅरियन डॉर्न, पॉल नॅश अशा नामवंत कलावंतांकडून या कापडाचे नमुने करून घेतले. काम सोपे नव्हते. चुन्याने माखलेला गवंडी बसून उठला तरी गादी मळकी दिसू नये आणि गाडीच्या हादऱ्यात नक्षी डोळ्यांपुढे नाचू नये! मार्क्सबाईंनी काही फासे कापून, काही तसेच ठेवून नक्षी साधली. कापलेल्या लवेत प्रकाश तंतूंमध्ये शिरून बराचसा शोषला जातो, म्हणून त्याच रंगाचा धागा तिथे अधिक गडद दिसतो. (मखमलीच्या तुकड्यावर बोट उलटसुलट फिरवले, की वर्गातही प्रकाशाचा असाच खेळ दाखवता येईल.)

पुढे १९५४ साली ‘रूटमास्टर’ बसचा पहिला नमुना लोकांपुढे आला व १९५६ मध्ये ती रस्त्यावर धावू लागली. डग्लस स्कॉट यांनी तिचे अंतरंग आखले: भिंती गडद तांबड्या, खिडक्यांच्या चौकटी हिरव्या, छत पिवळे आणि गादीवर याच रंगांच्या चौकड्या. तेव्हा वरच्या मजल्यावर धूम्रपानाला मुभा होती. धुराने पांढरे छत पिवळे पडणारच, मग आधीच पिवळे दिलेले काय वाईट! रंगाच्या निवडीपेक्षाही मला या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटते. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्यामुळे आधीच्या ५६ आसनांऐवजी ६४ आसने बसली, तरी वजन वाढले नाही.

९ डिसेंबर २००५ रोजी या बसची नियमित सेवा थांबली. काही गाड्या हौशी मंडळींनी जपल्या आहेत. अशा जुन्या गादीचा मूळ रंग पाहायचा असेल, तर शिवणीत दुमडलेला भाग उघडावा; तिथे ऊन पोचलेले नसते.