दोन इंजेक्शनांमधले बारा दिवस

लहान मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे असे निदान झाले, की आज लगेच इन्सुलिन सुरू करतात. १९२२ पूर्वी या निदानानंतर सुरू होई ती उपासमार.

या उपचाराचे पुरस्कर्ते होते अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन. शरीराला साखर वापरता येत नसेल, तर अन्नच कमी द्यावे, असा त्यामागचा तर्क. लघवीतली साखर नाहीशी होईपर्यंत उपास, मग अगदी मोजके अन्न. मुले थोडी अधिक जगत, पण हाडांचा सापळा होऊन. कॅनडातील टोरांटोच्या रुग्णालयातला चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन त्यांपैकीच एक. त्याचे वजन तीस किलोही नव्हते.

त्याच शहरातील विद्यापीठात, मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट १९२१ पासून स्वादुपिंडाचा अर्क मधुमेही कुत्र्यांना टोचून पाहत होते. कुत्र्यांच्या रक्तातली साखर उतरत होती. ११ जानेवारी १९२२ रोजी हा अर्क लिओनार्डला टोचला. दर १०० मिलिलिटर रक्तातली साखर ४४० वरून ३२० मिलिग्रॅमवर आली. पण साखरेऐवजी चरबी जळताना तयार होणारे घातक कीटोन कमी झाले नाहीत. शिवाय टोचल्या जागी गळू झाले. इंजेक्शने थांबवावी लागली.

इथे आपणही क्षणभर थांबू. अर्कात इन्सुलिन होते, मग अडले कुठे? त्यात नको असलेली प्रथिनेही होती. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी अर्कातले अल्कोहोलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवले. आधी इतर बरीच प्रथिने साक्याच्या रूपात खाली बसली, इन्सुलिन द्रावणातच राहिले. ती प्रथिने गाळून अल्कोहोल आणखी वाढवताच इन्सुलिनही खाली बसले आणि वेगळे काढता आले.

२३ जानेवारीला हा शुद्ध अर्क दिला. एका दिवसात साखर ५२० वरून १२० वर आली, लघवीतले कीटोन नाहीसे झाले. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. आजार बरा झाला नव्हता. इन्सुलिन जन्मभर टोचून घ्यावे लागले, पण उपासमार संपली.

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्टना दिली, मॅक्लिऑड यांनी कॉलिपना. वर्गात ही गोष्ट सांगताना फसलेले पहिले इंजेक्शन गाळू नये, असे आम्हाला वाटते. विद्यार्थ्यांना विचारून पाहा: शोध नेमका कधी लागला, ११ तारखेला की २३ ला?