राजदूतची पाठचिकित्सा

एखादी जुनी वस्तू ‘मूळ रूपात आणली’ असे आपण फार सहज म्हणतो. देवळाचा जीर्णोद्धार असो, वाड्याची डागडुजी असो की एखाद्या काव्याची शुद्ध आवृत्ती असो, मूळ रूप नावाचे काहीतरी कोठेतरी दडलेले आहे आणि वरची पुटे काढली की ते हाती लागेल, असा विश्वास या बोलण्यामागे असतो. आमचा तो विश्वास एका गंजलेल्या मोटारसायकलीने डळमळीत केला. साहित्याच्या अभ्यासकांपुढे पाने आणि पिस्टन यांची कथा मांडताना थोडा संकोच वाटतो, परंतु विषय अखेर पाठाचाच आहे.

गाडी राजदूत १७५, वडिलांनी १९७६ साली घेतलेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडच्या वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून ते डेअरीत पोचविणे, एवढेच तिचे आयुष्यभराचे काम. १९९४ नंतर ती गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. २०१९च्या दिवाळीत धाकट्या बंधूंनी तिच्यावरचा कडबा बाजूला केला आणि म्हणाले, “दादा, हिला कंपनीतून आली तशी करू या.” त्या ‘तशी’चा अर्थ काय, हे तेव्हा आम्हां दोघांनाही विचारावेसे वाटले नाही.

वास्तविक कंपनीतून आली तेव्हाही ती ‘मूळ’ नव्हतीच. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२च्या सुमारास जी राजदूत काढली, ती पोलंडमधल्या किएल्त्से शहरातल्या एसएचएल कारखान्याच्या एम ११ या गाडीवर बेतलेली होती. एम ११ तेथे १९६१ मध्ये आली होती. १७३ सीसीचे दोन फटक्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिन आणि पुढच्या चाकाला नेहमीच्या नळीदार फोर्कऐवजी आडव्या दांड्यांवर झुलणारी मांडणी ही दोघींचीही ओळख. हा व्यवहार पोलंडशीच का व्हावा, याचे उत्तर त्या काळाच्या अर्थकारणात आहे. परकीय चलनाची टंचाई होती आणि पूर्व युरोपातल्या देशांशी रुपयांत व्यापार करता येत असे. याच कंपनीने आपले ट्रॅक्टरही पोलंडच्या उर्सुस कारखान्याच्या सहकार्याने बनविले. म्हणजे शेत नांगरणारे यंत्र आणि शेतावरचे दूध वाहणारे यंत्र, दोन्ही एकाच देशातून भाषांतरित होऊन आली.

आणि पोलंडच्या प्रतीच्याही मागे आणखी एक प्रत होती. एसएचएलने १९३८ मध्ये पहिली मोटारसायकल काढली ती इंग्लंडच्या व्हिलियर्स इंजिनावर. युद्धानंतर त्या कारखान्याने ज्या १२५ सीसीच्या गाड्या बनविल्या, त्या जर्मनीतल्या चोपाउ गावच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ या गाडीच्या वंशातल्या. पराभूत जर्मनीची ही छोटी गाडी जेत्यांनी अक्षरशः वाटून घेतली. रशियाची एम१ए, इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५ सीसी, आणि पुढे १९५५ मध्ये यामाहाची पहिलीच मोटारसायकल वायए-१, या सगळ्या तिच्याच नकला. हस्तलिखितांचा वंशवृक्ष काढावा तसा या गाड्यांचा वंशवृक्ष काढता येतो. राजदूत ही त्यातल्या एका शाखेची, पुष्कळ फेरफार झालेली, दूरची वाचना.

येथे एक विषयांतर. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहत. वडिलांचा दुधाचा रस्ता वळिवड्यावरून जाई. छावणीचा आणि राजदूतचा अर्थाअर्थी काही संबंध नाही, तो जोडण्याचा आमचा इरादाही नाही. पण आपल्या बुडाखालची गाडी त्याच देशाची आहे हे वडिलांना अखेरपर्यंत ठाऊक नव्हते, ही गोष्ट मनातून जात नाही. त्यांच्या लेखी ती धर्मेंद्रच्या जाहिरातीतली गाडी होती.

असो. गाडी खोलायला घेतली. इंजिन जाम होते. प्लग काढून त्या भोकातून रॉकेल आणि ऑईल ओतून आठ दिवस ठेवले, तरी किक हलेना. शेवटी हेड काढून, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत तो सोडविला. सिलिंडरला बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या. या इंजिनात व्हॉल्व नाहीत, कॅम नाही. पिस्टन स्वतःच वर-खाली होताना भिंतीतली भोके उघडतो आणि मिटतो. लिटरभर पेट्रोलमध्ये चाळीस-पन्नास मिली ऑईल मिसळले की वंगणाचीही सोय झाली. म्हणूनच पान्हा आणि पक्कड एवढ्यावर गावोगावचे मिस्त्री ही गाडी चालती ठेवू शकले. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने १०० सीसीच्या गाड्या आल्या, त्यांतली आरएक्स १०० तर एस्कॉर्ट्सनेच काढली, आणि राजदूत जुनी ठरली. तरी दूधवाल्यांनी तिला लवकर सोडले नाही. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन अडकवून चिखलातून जाणे हे तिचेच काम होते.

खरा पेच पडला तो रंगाचा. टाकी पॉलिश पेपरने घासू लागलो तेव्हा वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली काळा आणि तळाशी लाल असे चार थर निघाले. सर्वांत खालचा तो मूळ, हा सरळ न्याय. बंधूंनी लाल रंग आणूनही ठेवला. पण आरसी बुकात नोंद होती ‘काळा’. लेखी पुरावा एक सांगतो, वस्तू दुसरेच सांगते. मिस्त्रींनी टाकी उलटी करून पाहिली आणि एका वाक्यात निकाल दिला : “सर, टाकी बदललिया ही. ह्या गाडीची न्हाईच.” बसविण्याच्या पट्ट्या कापून पुन्हा जोडलेल्या होत्या. तळाचा लाल हा दुसऱ्याच कुठल्या तरी राजदूतचा मूळ रंग होता. पाठचिकित्सेत ज्याला आपण पाठसंकर म्हणतो, त्याचा इतका लख्ख नमुना आम्ही वर्गात कधी दाखवू शकलो नव्हतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. बाराशेहून अधिक हस्तलिखितांतून विष्णू सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांनी जी संहिता सिद्ध केली, ती जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत सापडत नाही, असा आक्षेप तिच्यावर नेहमी घेतला जातो. तो आक्षेप आम्हीही एके काळी हिरिरीने मांडला आहे. आज तो अर्धा वाटतो. कारण त्या आवृत्तीत वगळलेला प्रत्येक पाठभेद पानाच्या तळाशी छापलेला आहे, प्रक्षिप्त मानलेले प्रसंग परिशिष्टात आहेत. संपादकाचे चुकले असे वाटले तर वाचक तळटीपेतून उलटा प्रवास करू शकतो. घासलेल्या रंगाला तळटीप नसते.

हे शहाणपण आम्हांला उशिरा आले, आणि त्याची किंमत मोजून आले. सीटखालच्या हत्यारांच्या पेटीचे झाकण आतून ओरखड्यांनी भरलेले होते. चेसिस, मडगार्ड आणि इतर पत्र्यांबरोबर तेही आम्ही वाळूच्या फवाऱ्याने साफ करायला धाडले. चांदीसारखे लख्ख होऊन आले. ते अंगणात वाळत असताना आई बाहेर आली, झाकण हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “ह्यातलं ह्यांचं लिहिलेलं कुठं गेलं?” डेअरीतून पावती मिळत नसे त्या दिवशीचे लिटर वडील त्या झाकणावर आतल्या बाजूने खिळ्याने कोरून ठेवीत. महिनाअखेरीला हिशेब जुळला नाही की तेच झाकण उघडून दाखवीत. आम्ही ज्यांना ओरखडे समजलो ते आकडे होते. गाडी खोलण्यापूर्वी आम्ही बरीच छायाचित्रे काढली होती. पेटीचेही आहे, पण झाकण लावलेले असताना. वडिलांचे दुसरे हस्ताक्षर म्हणाल तर बँकेच्या कागदांवरची सही तेवढी आहे.

आई पुढे काही बोलली नाही. झाकण तिने जागेवर ठेवले आणि आत गेली.

त्यानंतर आम्ही कामाची रीत बदलली. प्रत्येक सुटा भाग उघडण्यापूर्वी आतून-बाहेरून छायाचित्र आणि वहीत नोंद, हा नियम केला. टाकीला अखेर काळा रंग दिला, पण तिच्या पोटाकडे, सीटच्या आड येणारा तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवला; निळा, हिरवा, काळा, लाल हे चारही थर तेथे पायऱ्यांसारखे दिसतात. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना गावातल्या वेल्डरने दुधाच्या कॅनसाठी जोडलेले हूक आणि सळ्यांचे कॅरिअर होते. ते कापावे असे बंधूंचे आधीपासूनचे मत. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात असली गाडी कोणी उभी करू देणार नाही, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. कंपनीच्या कोणत्याही पत्रकात ते हूक नाहीत. आम्ही म्हटले, पत्रकातली राजदूत पाहायची असेल तर पत्रक पाहावे. यावर आठवडाभर आमचा अबोला होता.

हूक राहिले. फेब्रुवारीत गाडी चौथ्या किकला सुरू झाली, अंगण निळसर धुराने भरले आणि गोठ्यातल्या म्हशीने दावे ओढले. बंधू गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जाऊन आले. उतरताना डाव्या हुकाने त्यांची पोटरी खरचटली. “दादा, हा लागतो,” एवढेच ते म्हणाले. मग सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनीच ती दोन्ही हुकांवर गुंडाळली. एका हुकाच्या आतल्या बाजूला तशाच ट्यूबचा जुना, कडक झालेला तुकडा अजून चिकटलेला होता. तो त्यांनी काढला नाही, त्याच्यावरूनच नवी गुंडाळली.