हे मौन नेमकं कोणासाठी?

उज्जैनचं माधव नगर लोकांच्या तोंडी फ्रीगंज आहे. टॉवर चौकाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत. अशा एखाद्या घरातल्या मुलाला कर्करोग निघाला की इंदूर गाठायचं, नाहीतर अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, परळचं टाटा रुग्णालय. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. मग केस परत येतात, शाळा सुरू होते, आणि घरात न बोलता एक ठराव होतो: झालं गेलं गंगेला मिळालं, आता त्या आजाराचं नाव काढायचं नाही. मुलासमोर तर नाहीच. विचारलंच तर ‘तुझं रक्त कमी झालं होतं’ एवढं सांगायचं. हा ठराव उज्जैनपुरता नाही. पुण्यात, नागपुरात, बेळगावातही तो असाच होतो. तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. पण त्याचा पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून आधी तो नीट मांडला पाहिजे.

पालक म्हणतात, मूल चार वर्षांचं होतं, त्याला काही आठवत नाही. मग चौदाव्या वर्षी भीती का घालायची? मानसशास्त्रातही त्यांना आधार सापडतो. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयातले शॉन फिप्स यांनी दाखवून दिलं की कर्करोग झालेल्या मुलांत आघातोत्तर ताणाचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळत नाही. बहुतेक मुलं सावरतात, काही तर अधिक समंजस होतात. मग सावरलेल्याला पुन्हा का हलवायचं?

फिप्स यांचा निष्कर्ष मला मान्य आहे. पण त्याच्याशेजारी फिलाडेल्फियाच्या अ‍ॅन कझाक यांचं काम ठेवून पाहावं. त्यांनी १९९०च्या दशकात रक्ताच्या कर्करोगातून बरी झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील या दोघांनाही तपासलं. मुलं इतर मुलांसारखीच निघाली. आघाताच्या खुणा जास्त आढळल्या त्या आईवडिलांत. उपचार संपून वर्षं लोटली तरी त्या होत्या. म्हणजे घरात जिचं नाव निघत नाही ती जखम बहुतेकदा आईची असते, बाबांची असते. रक्तपेशींचा काउंट खाली गेल्याच्या रात्री त्यांनी जागवल्या, कर्ज त्यांनी काढलं, शेजारच्या खाटेवरचं मूल गेलं तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आला. त्यांना बोलवत नाही, हे मी पूर्ण आदराने म्हणतो. पण ते मुलाच्या भल्यासाठी आहे, हे म्हणणं पुराव्यावर टिकत नाही. मुलं सावरतात हे खरं मानलं, तर खरं ऐकायची ताकदही त्यांच्यात आहे हेच त्यातून निघतं.

शिवाय मुलाला काही माहीत नाही, हे गृहीतच कच्चं आहे. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात राहून तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचं निरीक्षण केलं. त्यांचं पुस्तक १९७८चं. त्या मुलांना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी आपण मरणार आहोत हेसुद्धा त्यांना कळलेलं होतं. मोठ्यांना त्रास नको म्हणून तीच न कळल्याचं सोंग करत होती. बरं झालेलं मूलही छातीवरचा व्रण रोज आरशात पाहतं. दरवर्षी आपल्यालाच मुंबईला का नेतात, आत्या-काकू बोलता बोलता आपल्याला पाहून गप्प का होतात, याचा हिशेब ते मनात करत असतं. आणि मनात केलेला हिशेब खऱ्यापेक्षा भयंकर निघतो. बोस्टनमध्ये जेराल्ड कूचर आणि सहकाऱ्यांनी वाचलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. १९८२च्या त्यांच्या लेखाप्रमाणे, ज्यांना आजाराचं नाव लवकर कळलं होतं त्यांची पुढची मानसिक घडी अधिक चांगली बसली.

आता सरासरीबाहेरच्या मुलांकडे येऊ, कारण मौनाची सगळ्यात मोठी किंमत तीच मोजतात. मेंदूत गाठ असलेल्या किंवा डोक्याला किरणोपचार मिळालेल्या मुलांची एकाग्रता, स्मरणशक्ती, विचारांचा वेग यांवर परिणाम होऊ शकतो, आणि तो बऱ्याचदा काही वर्षांनी, अभ्यास वाढल्यावर दिसतो. आठवी-नववीत असं मूल पेपर पूर्ण करू शकत नाही. शिक्षकांना कारण माहीत नसतं, ते आळशी म्हणतात. कोचिंगवाले मागच्या बाकावर बसवतात. मुलालाही कारण माहीत नसतं, म्हणून ते स्वतःला ढ समजतं आणि मित्रांतून अंग काढून घेतं. ज्याला आपण ‘मुलाच्या मनावरचा परिणाम’ म्हणतो तो इथे आजाराने नव्हे, लपवण्याने घडवलेला असतो. परीक्षेत थोडा जास्त वेळ मागता आला असता. पण मागायचा तर कारण सांगावं लागतं.

शरीराचंही तेच. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाने हृदयाचे स्नायू वर्षांनंतरही दुबळे होऊ शकतात. सोळाव्या वर्षी धाप लागलेली मुलगी माधव नगरच्या सरकारी दवाखान्यात गेली आणि तिला आपलं जुनं औषधच ठाऊक नसलं, तर डॉक्टर हृदयाच्या इको तपासणीचा विचार लगेच कशाला करतील? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहानपणीच्या कर्करोगातून वाचलेल्या ६३५ जणांना विचारलं, तेव्हा स्वतःचं निदान अचूक सांगणारे ७२ टक्केच निघाले. टाटा रुग्णालयाने उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१मध्ये वेगळं क्लिनिक सुरू केलं ते उगाच नव्हे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छायेत २००९पासून ‘उगम’ हा वाचलेल्या तरुणांचा गट आहे. तिथे मुलं आपल्या आजाराबद्दल नावानिशी बोलतात.

शेवटचा आक्षेप मुलींच्या लग्नाचा, आणि तो सगळ्यात खरा आहे. स्थळं मोडतात, हे मी नाकारत नाही. पण गल्लीला सांगणं आणि मुलीला सांगणं या दोन गोष्टी आपण एकच करून टाकल्या आहेत. गल्लीला काही सांगायची गरज नाही. मुलीला मात्र सांगायलाच हवं: दहाव्या वर्षी आजाराचं नाव, चौदाव्या वर्षी औषधं आणि किरणं, अठराव्या वर्षी फाइल तिच्या हातात. बालपणीचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात, हे तिला माहीत असेल तर सासरच्या संशयाला ती स्वतः उत्तर देईल. आणि जिथे आनुवंशिकता खरोखर असते, जसं डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमाच्या काही प्रकारांत, विशेषतः दोन्ही डोळ्यांत झालेल्या, तिथे तो जनुकीय दोष तिच्या मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्या बाळाचे डोळे जन्मल्यापासून काही आठवड्यांतच तपासायला लागतात. गाठ तेव्हाच सापडली तर डोळा आणि नजर दोन्ही वाचू शकतात. आईला स्वतःचा आजार ठाऊक नसेल, तर त्या बाळाला वेळेवर डॉक्टरांकडे नेणार कोण?